कोथरूडच्या गच्चीवरचे जुने सोलर पॅनेल वाईला नेऊन बसवता येतील का?

वाईची_सून

नमस्कार मंडळी,

आमची कोथरूडची सोसायटी एकदाची रिडेव्हलपमेंटला गेली. घरं रिकामी होत आली आहेत, पाडकामवाला येऊन दारं, खिडक्या, ग्रिल मोजून गेला. गच्चीवर सोलरचे सहा पॅनेल आहेत. विजेचे नव्हेत, गरम पाण्याचे. हल्ली सगळीकडे दिसतात ते काचेच्या नळ्यांचेही नव्हेत. जुने, सपाट पेटीसारखे, वर काच आणि आत काळा पत्रा. बिल्डिंग नवी होती तेव्हाचे म्हणजे वीस-बावीस वर्षांचे असतील. शेवटी शेवटी पाणी धड तापेना, मग एकेकाने गीझर लावले आणि वर कुणी फिरकलंच नाही.

पाडकामवाल्याचं म्हणणं, भंगारातच जायचे आहेत, मेंबरला हवे असतील तर तांब्याच्या भावाने न्या. तांबं किती, तर म्हणे "काट्यावर ठेवू की".

माझं सासर वाईजवळ, मेणवलीच्या बाजूला. घरी सासू-सासरे दोघंच. रोज पहाटे परसात बंब पेटतो. सासऱ्यांना दमा आहे आणि धुराने तो वाढतो हे त्यांनाही कळतं, पण बंब सोडवत नाही. गीझर घेऊन दिला, तर नेमकी सकाळी लाईट नसते, असली तर व्होल्टेज नसतं. दिवाळीत आणि जत्रेला आम्ही सगळे जमलो की दहा-बारा माणसं होतात.

काल वर जाऊन नीट पाहिलं. एका पॅनेलची काच फुटून पार चुरा झालाय आणि आत पावसाचं पाणी गेलंय. दोघांच्या काचेला आतून पांढुरकी साय धरल्यासारखं दिसतं. एकाच्या जोडाजवळ हिरवे ओघळ आहेत. एकाला कुणीतरी कधीकाळी ब्रशने काळा रंग मारलाय, तो पापुद्र्यांनी सुटतोय. टाकी बाहेरून चकाचक आहे, पण खालच्या बाजूने तांबूस थेंब गळतात.

तर हे घ्यावेत का? घेतले तर कोणते? टाकीही न्यावी का? आणि वाईला आमचं पाणी विहिरीचं आहे, पातेल्याला पांढरा थर बसतो. त्याने काही बिघडेल का? जाणकारांनी सांगावं. भंगाराचा ट्रक येत्या आठवड्यात यायचा आहे.


हिशेबी_माणूस

ताई, स्पष्टच सांगतो, नका पडू या भानगडीत. टेम्पोचं भाडं, काच, रबर, तांब्याची डागडुजी, वर नवीन टाकी आणि स्टँड. शंभर लिटरचा नळ्यांचा नवा सोलर साधारण पंधरा ते वीस हजारांत दारात येऊन बसतो, वर वॉरंटी. त्यात कंपनीचा माणूस येऊन फिटिंग करून जातो. पुण्यात असता तर निदान मिळकत करात सोलरची पाच टक्के सवलत तरी पदरात पडली असती, मेणवलीत तीही नाही.

शिवाय तुमच्या खडू पाण्याला नळ्याच बऱ्या. क्षार नळीच्या तळाशी साठतो, वर्षा-दोन वर्षांनी नळी ओढून काढायची, ब्रश फिरवायचा, परत घालायची. सपाट पॅनेलच्या आत तुम्ही ब्रश घालणार कुठून?


पत्रा_पाना

वरच्या भाऊंचा हिशेब चुकीचा नाही. विहिरीच्या पाण्याबद्दल तर त्यांचं शंभर टक्के बरोबर. फक्त नळ्या सुचवताना एक गोष्ट राहिली. नळी काचेची असते. नारळाची झावळी पडली, पोराचा चेंडू लागला, माकडं नाचली की गेली. आणि भर दुपारी टाकी रिकामी पडून नळ्या कोरड्या तापल्या, नि कुणी वरून गार पाणी सोडलं, की तडकतात. घरात दोन म्हातारी माणसं, पाणी कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही, तिथे मला सपाट पॅनेल जास्त भरवशाचा वाटतो. वाईला माकडं आहेत, हे मी सांगायला नको.

माझं आयुष्य भोसरीला असले पॅनेल बनवण्यात गेलं. गॅसच्या बत्तीवर नळ्या जोडायचो. त्यामुळे प्रेम आहे, हे मान्य. पण प्रेमापोटी भंगार घ्या असं म्हणणार नाही.

आधी भावाचं. पाडकामवाला पूर्ण पॅनेल काट्यावर ठेवणार असेल तर तिथेच हात जोडा. त्या काळचा प्रमाण पॅनेल दोन चौरस मीटरचा, म्हणजे साधारण सात फूट बाय साडेतीन फूट. त्यात नुसती चार मिमीची काचच वीस किलोच्या आसपास भरते. वर ॲल्युमिनियमची चौकट, मागचा पत्रा, उष्णता अडवणारी रॉकवूलची गादी. तांबं किती? उभ्या नऊ नळ्या अर्ध्या इंचाच्या, वर-खाली आडव्या दोन नळ्या एक इंचाच्या, त्यांना आम्ही हेडर म्हणतो, आणि नळ्यांना चिकटवलेल्या तांब्याच्या पातळ पट्ट्या. सगळं मिळून साडेसहा-सात किलो, फार तर आठ. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या निघाल्या तर तांबं चार-सव्वाचार किलोच. एका कोपऱ्यात पट्टीच्या मागच्या बाजूला खिळ्याने बारीक ओरखडा काढा, लाल दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. पैसे त्या हिशेबाने द्या. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फेरी मारलीत तर भंगाराच्या तांब्याचा चालू भाव कळेल, मग घासाघीस करायला जोर येतो.

आता कोणते घ्यायचे. काच, चौकट, रबर याकडे बघून लोक पॅनेल पसंत करतात. हे सगळं बदलता येतं. न बदलता येणाऱ्या गोष्टी दोनच: पाण्याची वाट आणि काळा लेप.

लेपाचं आधी. चांगल्या पॅनेलचा काळा रंग हा रंग नसतो. तांब्यावर विजेने चढवलेला ब्लॅक क्रोमचा पातळ थर असतो. तिरप्या उन्हात बघितलं तर काळ्यात निळसर-जांभळी झाक मारते. तो थर उन्हाची ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता आत घेतो, पण तापल्यावर स्वतः बाहेर फेकतो ती साध्या काळ्या रंगाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याने. साधा ब्लॅकबोर्ड पेंटही ऊन तेवढंच पितो, पण घेतलेलं भराभर परत देतो. एप्रिल-मे मध्ये फरक जाणवणार नाही. डिसेंबरात, वाईच्या थंडीत, सकाळच्या वाऱ्यात चांगलाच जाणवेल. तेव्हा ब्रशने रंगवलेला जो आहे तो घेऊ नका. आणि जे घ्याल त्यांवर, कुणी काहीही सांगितलं तरी, रंग मारू नका. धूळ मऊ ओल्या फडक्याने हलक्या हाताने टिपायची. घासणी, सर्फ, पॉलिश पेपर काही नको. मध्ये कुठे टिकल्या उडाल्या असल्या तर उडू देत. तळहाताएवढ्या डागासाठी अख्खा पत्रा रंगवणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं.

आता पाण्याची वाट. चार तोंडांपैकी तीन बुचं मारून बंद करा. फ्लँज, म्हणजे तोंडाला बोल्टची चकती, असेल तर रबरी शीट घालून बिनभोकाचा पत्रा आवळा, साधी नळी असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून क्लॅम्प लावा. पॅनेल आधी पूर्ण रिकामा करायचा, मग चौथं तोंड वर ठेवून मापाने पाणी ओतायचं आणि मधूनमधून पॅनेल हलवून अडकलेली हवा बाहेर काढायची. ठणठणीत पॅनेलमध्ये पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. दोन-अडीचशे मिली कमी भरलं तर चिंता नाही. दोन लिटरच्या खाली आलं तर आत क्षाराने जागा खाल्ली आहे, किंवा एखादी नळी पार बुजली आहे. कोणती, ते बघायला खालच्या हेडरमधून कढत पाणी सोडायचं आणि काच काढलेल्या पॅनेलच्या पट्ट्यांवरून उलटा हात फिरवायचा. जी पट्टी गारच राहते, तिची नळी बुजलेली.

गळतीसाठी प्लंबरकडचा हाताचा टेस्टिंग पंप आणा. कारखान्यात आम्ही दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो दाब लावायचो. तुमच्या घरी गार पाण्याची टाकी दोन-तीन मीटर वर असणार, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. तेव्हा अडीच-तीन किलोला काटा अर्धा तास जागचा हलला नाही तर पास. हे सावलीत करायचं. उन्हात पाणी तापून फुगतं, काटा वर सरकतो आणि बारीक गळती लपून जाते. आणि पाणी भरूनच करायचं, पंक्चरवाल्याकडे नेऊन नुसत्या हवेने नाही. हवेने फुटलं तर ते डोळ्यांत जातं.

हिरवे ओघळ बघून लोक पॅनेल टाकून देतात. जोडाजवळ असतील तर बहुतेक वेळा गॅस्केट गेलेलं असतं, वॉशरएवढा खर्च. नळी आणि हेडरच्या सांध्याला केसाएवढी चीर असेल तर फ्रिज-एसीचा मेकॅनिक गाठा. त्याच्याकडे फॉस्फर असलेली तांब्याची काडी असते, तांब्याला तांबं जोडताना तिला फ्लक्स लागत नाही. पितळी फ्लँजला मात्र चांदीची काडी आणि फ्लक्सच हवा, हे त्याला आधीच सांगा. कुणी शिशाच्या झाळीने करून देतो म्हणाला तर नको म्हणा. रिकामा पॅनेल उन्हात दीडशे अंशांच्या वर जाऊ शकतो, ती झाळ कुजत जाते. कुणीतरी तांबट आळीत न्या असंही सांगेल. त्यांचा हात भांड्यांचा आणि मठारकामाचा, त्यात त्यांना तोड नाही. पण हे काम फ्रिजवाल्याचंच.

मधलीच एखादी नळी भोकाडली असेल तर तिची दोन्ही टोकं चेपून झाळून टाकतात. नवापैकी एक गेली, आठ चालू. पॅनेल टाकायचं कारण नाही.

काचेवरची आतली साय म्हणजे रॉकवूलमधल्या डिंकाची वाफ वर्षानुवर्षं काचेवर बसलेली. काच काढून कोमट साबणपाण्याने निघते. काच काढताना चौकटीचे स्क्रू गंजलेले असतात, आदल्या रात्री डिझेलचा थेंब सोडून ठेवा. काच टफन्ड असते, तिला कापता येत नाही, कोपऱ्याला टवका उडालेला असेल तर ती कधीही आपोआप चुरा होईल. अशी घेऊ नका. जागच्या जागी साधी खिडकीची काच बसवून देणारेही भेटतील. ती एका उन्हाळ्यात तडकते. काचेची कड बघा, पांढरट असेल तर कमी लोहाची चांगली काच, बाटलीसारखी हिरवी असेल तर साधी.

रॉकवूल भिजलं असेल तर फेकून नवं घाला, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून. त्याऐवजी थर्माकोल भरून स्वस्तात काम करणाऱ्यांपासून सावध राहा, तो आतल्या उष्णतेने आकसून गोळा होतो. कडेचं रबर ईपीडीएमचं मागायचं, बसची बॉडी बांधणाऱ्यांच्या गल्लीत मीटरवर मिळतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांना. चौकटीच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात ती बुजवू नका, आतला दमटपणा तिथूनच निघून जातो.

आणि टाकी? अजिबात नको. खालून तांबूस थेंब म्हणजे आतली टाकी वेल्डिंगपाशी गेली, मधला फोम पाणी पिऊन बसला. बाहेरचं चकाचक कव्हर ही नुसती साडी आहे. खर्च करायचाच तर नव्या टाकीवर करा.

सहापैकी दोन चांगले निवडा आणि फुटक्या काचेचा तिसरा फुकटात पडला तर सुट्या भागांसाठी घ्या. एका पॅनेलवर शंभर-सव्वाशे लिटर पाणी तापतं. दोघांना एकच पुरे, जत्रेसाठी दुसरा.

काढताना पहाटे काढा. उन्हात काढलात तर आत उकळतं पाणी असू शकतं. उतरवताना हेडरच्या नळीला धरून उचलू द्यायचं नाही, हमाल नेमके तिथेच धरतात. टेम्पोत उभे ठेवा, मध्ये गोधड्या.


बिनधास्त_बंडू

काका, एवढा उपद्व्याप कशाला? क्षारासाठी संडास साफ करायचं ॲसिड आणायचं, अर्धी बाटली आत, अर्ध्या तासात सगळं फेसाळून बाहेर. आमच्या गावचा प्लंबर तर टाकीसकट असंच करतो.


पत्रा_पाना

बंडूशेठ, फेसाळतं हे खरं. पण ते मिठाचं ॲसिड पितळातलं जस्त खातं, फ्लँज सच्छिद्र होतात आणि दोन वर्षांनी तिथून पाझर सुरू होतो. स्टीलच्या टाकीत तर ते घालूच नये, त्यातल्या क्लोराईडने स्टेनलेसला टाचणीएवढी भोकं पडतात. तुमच्या प्लंबरला टाक्या विकायच्या असतील तर गोष्ट वेगळी.

ताई, तुम्ही सायट्रिक ॲसिड घ्या, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं. पॅनेल टाकीपासून सुटा असतानाच करायचं. तीन लिटर कोमट पाण्यात दीडशे ग्रॅम, जास्त नाही. घट्ट केलंत तर आत कॅल्शियमचा नवाच पांढरा गाळ बसतो आणि तो पहिल्यापेक्षा चिवट. भरून ठेवा, वरचं तोंड उघडं राहू द्या, कारण आत वायू सुटतो. बुडबुडे थांबले की ओता, गरज वाटली तर ताजं करून परत भरा. शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने विसळा आणि साध्या पाण्याने धुवा. मग परत मापाने पाणी भरून बघा, आकडा वाढला पाहिजे.

तुमच्या विहिरीच्या पाण्याला हे दरवर्षी दिवाळीआधी करावं लागेल. जोडाला युनियन, म्हणजे खोलता येणारा सांधा, आणि दोन बाजूंना व्हॉल्व्ह ठेवलेत तर पॅनेल जागेवरून न हलवता होतं.


निफाडचा_गारठा

पत्रा_पाना काकांशी सहमत, एक भर घालतो. आमच्याकडे हिवाळ्यात पारा पार खाली जातो, तरी पॅनेल फुटलेला मी पाहिला नाही. पण कुणी हे वाचून महाबळेश्वरला बसवायला निघाला असेल तर जपून. वेण्णा लेकच्या बाजूला दवाचे हिमकण होतात. निरभ्र रात्री काळा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत हवेपेक्षाही गार होतो, आतलं पाणी गोठलं तर तांब्याची नळी उभी चिरते. मेणवली खाली आहे, तिथे ही भीती नाही.

कोनाबद्दल: दक्षिणेला तोंड आणि तीस अंश. वाईचा अक्षांश अठराच्या आसपास, हिवाळ्यासाठी त्यात दहा-बारा वाढवायचे. कोनमापक नको, पॅनेलच्या लांबीच्या निम्मी उंची वरच्या कडेला दिली की तीस अंश होतात.


कोकणी_कोठार

चुरा झालेली काच ज्याची आहे त्या पॅनेलबद्दल. तांबं विकून टाका, पेटी ठेवा. आम्ही अशाच एका पेटीत तळाला काळा पत्रा, मध्ये जाळी, वर काच टाकून वाळवणाची पेटी केली आहे. खालच्या कडेला हवेला वाट आणि वरच्या कडेला दुसरी, दोन्हींना मच्छरजाळी. आमसुलं, सांडगे, मिरच्या. माशी नाही, धूळ नाही, अवकाळी सर आली तरी धावपळ नाही. हळकुंडंही सुकतात, आणि वाईला हळद मुबलक. मिरचीला मात्र वरून फडकं टाका, थेट उन्हाने रंग उडतो.


वाईची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रा_पाना काका, तुम्ही सांगितलंत तसं प्लंबरला घेऊन पहाटे वर गेले. रंगवलेला बाजूला काढला. साय धरलेले दोन्ही निळसर झाक मारतात. पट्टीच्या मागे ओरखडा काढला, लाल निघाला. पाणी मोजलं: एकात २.७ लिटर, दुसऱ्यात २.६. हिरव्या ओघळांच्या पॅनेलमध्ये १.७ च भरलं. सहावा पाहिलाच नाही, त्याची चौकट वाकली आहे. पंप लावला तर पहिला पास झाला. दुसऱ्याचा काटा हळूहळू उतरत होता, वरच्या हेडरच्या एका सांध्याशी ओल दिसली. फ्रिजवाला उद्या येतोय. फॉस्फरच्या काडीचं विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही या लाइनमधल्या का?"

भाव सात किलो तांब्याचा ठरला. फुटक्या काचेचा पाडकामवाल्याने फुकट दिला नाही, अर्ध्यात दिला. त्याची वाळवणाची पेटी करायचं सासूबाईंनी फोनवरच ठरवून टाकलं.

आता अडचण अशी की घर कौलारू आहे, वर काही ठेवता येणार नाही. परसात न्हाणी आहे, तिला स्लॅब आहे आणि त्यावर पाचशे लिटरची काळी टाकी. स्लॅबवर पॅनेल ठेवले तर गरम टाकी आणखी वर न्यावी लागेल, आणि मग काळी टाकी त्याच्याही वर, असं प्लंबर म्हणतो. मनोराच होईल. काय करू?


पत्रा_पाना

मनोरा नको. पॅनेल जमिनीवर ठेवा, न्हाणीच्या दक्षिण बाजूला परसात. गरम पाणी हलकं म्हणून आपसूक वर चढतं, पंप नसतो. त्यामुळे गरम टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा किमान फूटभर वर पाहिजे, एवढीच अट. आणि गार पाण्याची टाकी गरम टाकीच्या वर. ती तुमच्याकडे आधीच स्लॅबवर आहे. न्हाणीच्या स्लॅबची उंची टेपने मोजून टाका.


वाईची_सून

सासऱ्यांनी मोजली. आठ फूट दोन इंच.


पत्रा_पाना

झकास, बसतंय. पॅनेलची खालची कड जमिनीपासून एक फूट, पावसाचं शिंतोडं आणि कोंबड्या यांच्या वर. तीस अंशांनी वरची कड साडेचार फुटांवर येईल. फूटभर सोडून टाकीचा तळ साडेपाचवर. दोनशे लिटरची टाकी आवरणासकट दोन फूट जाडीची धरा, तिचा माथा साडेसातवर. स्लॅब आठ-दोन, म्हणजे आठ इंच हाताशी उरले.

गरम टाकीच्या माथ्यावरून हवेचा पाइप निघतो, तो काळ्या टाकीच्या पाण्याच्या पातळीच्या वर जायलाच हवा. पाचशेची टाकी चार फुटांपर्यंत उंच असते, म्हणजे हा पाइप जमिनीपासून तेरा फुटांपर्यंत न्या, स्लॅबच्या कडेला क्लॅम्प मारा. खाली ठेवलात तर सगळी विहीर त्यातून परसात वाहील. त्यावर व्हॉल्व्ह, बूच काही लावायचं नाही.

पॅनेलकडून टाकीकडे जाणारा पाइप सगळीकडे चढताच हवा. मध्ये कुठे पोक आलं की हवा अडकते आणि पाणी फिरायचं थांबतं. प्लंबरला हे दोनदा सांगा. दोन पॅनेलही एका रेषेत ठेवताना बाहेर निघणाऱ्या बाजूला अर्धा-एक इंच चढ द्या. गरम पाइपवर नायट्राइल फोमची नळी चढवून वरून ॲल्युमिनियमची टेप, नाहीतर उन्हाने फोमचा भुगा होतो.

पाणी पहिल्यांदा भरताना उजाडायच्या आत भरा, पॅनेल तापल्यावर नाही. नारळ-आंब्याची सावली सकाळी नऊ ते दुपारी तीन पॅनेलवर येत नाही ना, ते आजच्या आज सासऱ्यांना बघायला सांगा. डिसेंबरात सूर्य खाली असतो, सावली लांब पडते, तेव्हा दक्षिणेच्या झाडाचा अंदाज त्या हिशेबाने.

उन्हाळ्यात या टाकीतलं पाणी सत्तर अंशांवर जाईल. न्हाणीत गरम नळाशेजारीच गार नळ असू द्या आणि सासूबाईंना सांगा की बादलीत आधी गार सोडायचं.

टाकीच्या स्टँडसाठी चाळीस बाय चाळीस बाय पाच मिमीचा लोखंडी अँगल घ्या, भरलेली टाकी अडीचशे किलोपर्यंत जाते, पस्तीसवर भागवू नका. चार खांब दीड फूट जमिनीत, खाली काँक्रीट. टाकीच्या चौकटीला दोन बाजूंनी तिरपे आधार. पॅनेलच्या स्टँडला पंचवीसचा अँगल चालेल. वीस फुटी लेंथ चाळीसच्या तीन आणि पंचवीसच्या दोन आणा, तुकडे उरले तर वाळवणाच्या पेटीला पाय होतील.